नांगराभोवतीचा समुद्र

आम्ही बोटीवर राहायला लागल्यापासून वेंगुर्ल्याहून बाबांचा फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न जेवणाखाणाचा नसतो. "वारो खंयचो?" असे ते विचारतात आणि उत्तर ऐकून क्षणभर गप्प राहतात. त्या क्षणी ते मनातल्या मनात नकाशा फिरवून पाहत असतात, कारण त्यांच्या उभ्या आयुष्यात समुद्र पश्चिमेला आणि जमीन पूर्वेला राहिली आहे, आणि आमच्या सध्याच्या मुक्कामी दोन्ही बाजूंना समुद्र आहे. तोही दोन वेगळ्या जातींचा.

हा मुक्काम म्हणजे बहामातील एक्झुमा बेटांची रांग. सुमारे २०० किलोमीटरच्या पट्ट्यात शेकडो लहानमोठी बेटे एकामागोमाग पसरली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर झुडपे, चुनखडीची खडपे आणि पुळण यांखेरीज काही नाही. पूर्वेला एक्झुमा साउंड आहे, जिथे किनारा सोडून थोडे पुढे गेले की तळ हजार मीटरांहून खाली जातो. पश्चिमेला ग्रेट बहामा बँक नावाचे उथळ पठार आहे. तिथे मैलोन्‌मैल तीन-पाच मीटर पाणी असते आणि ते इतके नितळ असते की पौर्णिमेच्या आसपास रात्री डेकवर उभे राहून नांगराची साखळी तळाशी पडलेली दिसते. आमची बोट अडतीस फुटांची, जुनी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. तिला तरंगायला दीड मीटर पाणी पुरते. तिच्यावर आम्ही चौघे राहतो: मी, नवरा, अकरा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा धाकटा. नवरा पुण्याचा. पोहायला तो टिळक तलावात शिकला आणि शिडे हाकायला शिकागोत असताना मिशिगन सरोवरावर शिकला, त्यामुळे भरती-ओहोटी हा विषय त्याला चाळिशी ओलांडल्यावर भेटला. त्याबद्दल पुढे येईलच.

फ्लोरिडाहून इकडे येताना गल्फ स्ट्रीम ओलांडावा लागतो. बहामातल्या बिमिनी बेटापर्यंतचे अंतर पन्नासेक सागरी मैलांचेच आहे, पण हा प्रवाह तीन नॉटच्या आसपास वेगाने उत्तरेकडे वाहत असतो आणि त्याच्या समोरून उत्तरेचा वारा आला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. आम्ही दक्षिणेच्या वाऱ्याची वाट पाहत नऊ दिवस किनाऱ्याला थांबलो. मुले कंटाळली, आम्हीही कंटाळलो, आणि दहाव्या दिवशी ओलांडताना मला एकदा उलटी झाली. मासळी पाहत वाढलेल्या मुलीला समुद्र लागावा, याचे बाबांना अजूनही हसू येते.

या बेटांमध्ये बारा महिने साधारण पूर्वेचा वारा असतो, म्हणून बोटी बेटांच्या पश्चिमेला, उथळ बाजूला, आडोशाने नांगर टाकतात. डिसेंबर ते मार्च या काळात मात्र उत्तर अमेरिकेवरून थंड हवेच्या लाटा एकामागून एक खाली उतरतात. अशी लाट जवळ आली की वारा आग्नेयेकडून दक्षिणेला, तिथून नैर्ऋत्येला, मग पश्चिमेला आणि वायव्येला असा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो आणि शेवटी उत्तर-ईशान्येहून दोन-तीन दिवस जोरात वाहत राहतो. कालपर्यंत जो आडोसा होता तोच पश्चिमेचा वारा सुटल्यावर सापळा होतो, कारण मागे खडपे असतात आणि समोर मोकळे पठार. बाबांचा प्रश्न याच कारणासाठी असतो.

जानेवारीतल्या अशाच एका रात्री आमचा नांगर सुटला. चूक सर्वस्वी आमची होती. संध्याकाळी दमून आम्ही ओहोटीच्या वेळी नांगर टाकला, तेव्हाची खोली मोजून त्या हिशेबाने साखळी सोडली आणि पाण्यात उतरून तो रुतला आहे की नाही, हे पाहण्याचा कंटाळा केला. भरतीने मीटरभर पाणी वाढले की तेवढीच साखळी तोकडी पडते, हे कागदावर आम्हाला पाठ होते. पहाटे दोनच्या सुमारास वारा पश्चिमेला फिरला, नांगर सरकल्याची सूचना देणारे यंत्र ओरडू लागले आणि आम्ही वर धावलो तेव्हा मागची खडपे विजेरीच्या उजेडात स्पष्ट दिसत होती. नवऱ्याने इंजिन चालू केले, मी पुढे जाऊन साखळी गोळा करू लागले आणि थोरली पायजम्यातच खोलीच्या यंत्रासमोर बसून मोठ्याने आकडे सांगत राहिली. तिचा आवाज "एक पूर्णांक आठ"पर्यंत उतरला आणि मग परत वर चढू लागला. ते आकडे मी विसरणार नाही.

सकाळी वारा उतरल्यावर मी पाण्यात उतरून पाहिले. तिथे चुनखडीच्या खडकावर जेमतेम चार बोटे वाळू होती आणि तिच्यावर आमच्या नांगराने लांबच लांब तास काढला होता. शेतातल्या अवजाराला आणि बोटीच्या लोखंडाला मराठीत एकच नाव का, असा प्रश्न धाकट्याने पूर्वी विचारला होता. त्याला मी पाण्यात नेऊन तो तास दाखवला. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे की कोणीतरी पाण्यात जाऊन नांगर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चहा होत नाही. हे काम आता मुलांचे आहे आणि त्यांना ते काम वाटत नाही.

या पाहणीमुळे एक गोष्ट घडली, जी आम्ही योजली नव्हती. इथे येण्यापूर्वी प्रवाळाच्या प्रसिद्ध जागा, गुहा, बुडालेली विमाने अशी मोठी यादी आम्ही केली होती, आणि त्यांतल्या काही आम्ही पाहिल्याही. पण मुलांच्या वह्या भरल्या त्या नांगराभोवतीच्या तीस पावलांच्या वर्तुळात. वरून ओसाड दिसणारी वाळू रिकामी नसते. पाकट, जिला बाबा वागळी म्हणतात, वाळू उकरत जाते आणि तिच्या पाठीवर एक चंदेरी मासा छत्रीसारखा तरंगत राहतो, कारण उकरताना निसटलेले किडे त्याला आयते मिळतात. दुसऱ्या एका बोटभर माशाच्या जवळ गेले की तो डोके खाली करून चक्क वाळूत सूर मारतो आणि दिसेनासा होतो. बोटीच्या सावलीत एक बाराकुडा रोज येऊन उभा राहतो. तो काही करत नाही, नुसता पाहतो. पहिल्या आठवड्यात मुले त्याला घाबरली आणि आता त्याच्या देखत दात घासतात.

धाकट्याचा सर्वांत मोठा शोध म्हणजे तोबरा. उत्तरेच्या वाऱ्यामुळे आम्ही एका जागी सहा दिवस अडकलो होतो. तिथे खडे आणि मोडक्या प्रवाळाच्या तुकड्यांमध्ये त्याला एक उभे बीळ दिसले आणि त्याच्या तोंडाशी शेपटीवर उभा असलेला, पिवळट डोक्याचा, निळसर अंगाचा वीतभरही नसलेला मासा. इंग्रजीत त्याला जॉफिश, म्हणजे जबडेमासा, म्हणतात. तो तोंडाने वाळू आणि खडे उचलून बिळाबाहेर थुंकतो आणि त्याच खड्यांनी बिळाचे तोंड बांधून काढतो. तिसऱ्या दिवशी धाकटा पाण्यातून ओरडतच वर आला, कारण माशाचे तोंड फुगले होते आणि आत काहीतरी चमकत होते. ती अंडी होती. या जातीत अंडी उबवण्याचे काम नर करतो, तेही तोंडात धरून, आणि त्यांना ताजे पाणी मिळावे म्हणून मधूनमधून तो तोंड उघडून अख्खा गोळा बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढून घेतो. वाऱ्याने आम्हाला हलू दिले नाही म्हणून आम्ही हे चार सकाळी पाहिले. संध्याकाळी अंधार पडू लागला की तोबरा एक खडा ओढून बिळाचे दार लावून घेत असे. ते पाहण्यासाठी धाकटा थंडीने कुडकुडत पाण्यात थांबायचा, आणि मी त्याला बाहेर काढायला जाऊन स्वतःच थांबायची.

बोट ही जाण्यासाठी बांधलेली वस्तू आहे, पण आमच्या या मोसमातल्या दिवसांची मोजणी केली तर प्रवासाचे दिवस अगदी थोडे भरतात. एका जागी आठवडा काढल्याशिवाय तिथले काही दिसत नाही, असे माझे मत होत चालले आहे. पोहणारी डुकरे पाहायला नासाऊहून वेगवान बोटी येतात आणि तासाभरात माघारी जातात. आम्हीही बिग मेजर बेटावर ती डुकरे पाहिली. ती पोहतात, खायला मागतात, आणि मुलांना दहा मिनिटांत त्यांचा कंटाळा आला. ॲलन्स के बेटावरच्या घोरपडीसारख्या दिसणाऱ्या इग्वानांचे मला जास्त वाईट वाटले. जगात केवळ याच भागात उरलेली ही जात, पण होडीचा आवाज ऐकताच द्राक्षे मिळतील म्हणून ते किनाऱ्यावर पळत येतात. देवळाबाहेरच्या माकडांची आठवण झाली.

याउलट एक्झुमा केज लँड अँड सी पार्कमध्ये कोणी कोणाला काही देत नाही आणि काही घेतही नाही. जमीन आणि समुद्र मिळून सुमारे ४५५ चौरस किलोमीटरचे हे उद्यान १९५८ साली झाले आणि १९८६ पासून त्यात मासेमारी, शंख-शिंपले वेचणे, सगळेच बंद आहे. रिकामा शंखसुद्धा उचलायचा नाही. वॉर्डरिक वेल्स या बेटाजवळ बोट बांधून पाण्यात उतरले की फरक कोणी सांगावा लागत नाही, कारण शेवंडे दिवसाढवळ्या खडकाबाहेर मिशा काढून बसलेले असतात.

शंखाविषयी थोडे सविस्तर लिहिते. इथला क्वीन काँच हा गुलाबी ओठाचा मोठा शंख म्हणजे बहामाचे मुख्य अन्न आहे. त्याची कोशिंबीर लिंबू, कांदा, मिरची घालून करतात आणि ती आपल्या जिभेला सहज आवडते. सासूबाईंनी देवासाठी एक पाठवायला सांगितला होता, तेव्हा मला त्यांना समजवावे लागले की आपल्या पूजेतला शंख हा आपल्याकडच्या समुद्रातला निराळा प्राणी आहे. तो किडे खातो आणि हा गवतावरचे शेवाळ चरतो. हा प्राणी गोगलगायीसारखा सरपटत नाही. पायाच्या टोकाला असलेली नखासारखी झडप वाळूत रुतवून तो उड्या मारत पुढे सरकतो, आणि दोन देठांवरच्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहतो. डोळे पाहिल्यावर थोरलीने ती कोशिंबीर खाणे सोडले. ओठ बाहेरच्या बाजूला पसरला म्हणजे शंख वयात येऊ लागला, त्याआधी तो काढणे बेकायदा आहे. तरीही वस्तीच्या किनाऱ्यांवर साचलेल्या कवचांच्या ढिगांत वरचे, म्हणजे अलीकडचे, शंख लहान आणि पातळ ओठाचे दिसतात. वर्षानुवर्षे त्यांची संख्या घटते आहे, हे इथले कोळी स्वतःच सांगतात.

आता भरतीच्या हिशेबाकडे येते. मुंबई-कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे बाबांनी मला शिकवले होते. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमी असेल तर सहा. इथे ते गणित साफ चुकते, कारण चंद्र तोच असला तरी प्रत्येक किनाऱ्याला पाणी पोहोचण्याची वेळ निराळी असते. पण दररोज भरती पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, ते इथेही खरे आहे. थोरलीने दोन पंधरवडे वेळा टिपल्या आणि उत्तर काढले की तिथीची पाऊणपट करून त्यातून सव्वातीन तास वजा केले की आमच्या बेटांची भरती ढोबळमानाने मिळते. पौर्णिमेला ती सकाळी आठच्या आसपास येते. अमेरिकेतल्या शाळेत वाढलेली मुलगी या निमित्ताने आजोबांकडून फोनवर पाऊणकी शिकली. बोट हलवताना आम्ही छापील कोष्टकेच पाहतो. पण कोष्टक उघडण्याआधी ती उत्तर सांगते आणि फार तर अर्ध्या-पाऊण तासाने चुकते.

इथे भरती-ओहोटीत पाणी जेमतेम मीटरभर चढते-उतरते, म्हणून नवऱ्याने सुरुवातीला तिची पर्वा केली नाही. परंतु पठारावरचे ते अफाट पाणी दर सहा तासांनी बेटांमधल्या चिंचोळ्या खिंडींतूनच ये-जा करते. ओहोटीचे पाणी खिंडीतून पूर्वेला सुटते आणि समोरून पूर्वेचा वारा लाटा आणतो, तेव्हा त्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखे दिसते. मी फोनवर हे वर्णन करू लागले, तसे बाबांनी मला मध्येच थांबवले. सुकती लागलेली असताना आणि बाहेरून वारा असताना खाडीच्या मुखातून होडी काढायची नसते, हे त्यांच्या गावात पोरासोरांना माहीत आहे. नवऱ्याला ते पटायला एकदा चांगलेच भिजावे लागले.

लीस्टॉकिंग बेटाजवळच्या खिंडीत आम्ही याच हिशेबाने गेलो, कारण तिथला प्रवाह थांबतो तो थोडा वेळच. त्या पाण्याखाली स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे जीवाणूंनी थरावर थर चढवून बांधलेले खांब, उभे आहेत. पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचे जे सर्वांत जुने ठसे मानले जातात, साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचे, ते याच प्रकारच्या रचनांचे आहेत. आणि इथे त्या अजून जिवंत आहेत. १९८६ साली शास्त्रज्ञांनी या खिंडीतल्या स्ट्रोमॅटोलाइटांचे वर्णन प्रसिद्ध केले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंचा बुळबुळीत थर वाहत आलेले वाळूचे कण धरून ठेवतो, त्यावर पुन्हा थर, पुन्हा कण, असे करत काही ठिकाणी दोन मीटर उंचीचे खांब झाले आहेत. मला पाण्याखालची वारुळे आठवली. रंग काहीच नाही, मासेही फारसे नाहीत, आणि धाकटा दोन मिनिटांत म्हणाला, "आई, हे दगड आहेत." त्याचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. आम्ही हात न लावता त्यांच्यावरून वाहत गेलो आणि पाणी उलट फिरण्याआधी होडीत चढलो.

तीच वाळू भिंगातून पाहण्यात मात्र त्याला गोडी वाटली. या पठारावर कित्येक ठिकाणी वाळूचा कण टोकदार नसतो, खसखशीसारखा गोल आणि पांढरा असतो. समुद्राच्या उबदार, चुन्याने भरलेल्या पाण्यात एखादा बारीक तुकडा प्रवाहाबरोबर पुढेमागे लोळत राहतो आणि त्याच्यावर चुन्याची पुटे चढत जातात. हे सांगताना मला उदाहरण शोधावे लागले नाही, कारण त्याच आठवड्यात संक्रांत होती आणि झुलत्या शेगडीवर मी हलवा करण्याचा खटाटोप करत होते. खसखशीवर पाकाचे थेंब सोडायचे, मंद आचेवर बोटांनी सतत हलवत राहायचे, म्हणजे पुटावर पूट चढते. बोटीच्या हेलकाव्यांनी माझे निम्मे काम केले, तरी हलव्याला काटा आला नाही; तो गोलच राहिला, बाहेरच्या वाळूसारखा.

स्वयंपाकाचे लिहायचे तर स्वतंत्र लेख होईल. एवढेच सांगते की डुलणाऱ्या बोटीवर कुकरसारखे भांडे नाही, कारण त्याचे झाकण घट्ट बसते आणि उलटला तरी वरण सांडत नाही. सौर ऊर्जेवर चालणारे यंत्र समुद्राचे पाणी गोडे करते, तरी आंघोळ समुद्रातच आणि वरून एक तांब्या गोडे पाणी. कोथिंबीर तीन महिन्यांत दिसलेली नाही. बाराकुडा आम्ही खात नाही. प्रवाळावरच्या मोठ्या शिकारी माशांत एक विष साठते आणि ते शिजवून जात नाही. आम्ही आवडीने खातो तो सिंहमासा, म्हणजे लायनफिश. हा आपल्या हिंदी महासागराच्या आणि पॅसिफिकच्या बाजूचा मासा. फ्लोरिडाजवळ तो १९८५ साली पहिल्यांदा दिसला, बहामात २००४ साली, आणि इथे त्याला खाणारे फारसे कोणी नसल्याने तो इथल्या माशांची पिल्ले फस्त करत सुटला आहे. स्थानिक कोळ्याकडून आम्ही तो काटे छाटून घेतो. मालवणी मसाला आणि वेंगुर्ल्याहून आलेली आमसुले यांच्याशी त्याचे जुने नाते असल्यासारखा तो लागतो. दोन परदेशी एकमेकांना भेटतात, असे नवरा म्हणतो.

आज आम्ही श्राउड के या बेटाच्या पश्चिमेला आहोत. बेटाच्या पोटातून खारफुटीच्या खाड्या आरपार पूर्वेच्या पुळणीपर्यंत जातात आणि त्यांत भरतीलाच नीट वल्हवता येते. परवा अर्ध्या पाण्यात गेलो, तर दोनदा उतरून होडी ओढावी लागली. त्या गाळात शेकडो जेलीफिश उलटे पडलेले असतात, पाय वर करून, कारण त्यांच्या अंगात वाढणाऱ्या शेवाळाला ऊन लागते. त्यांच्याजवळचे पाणीही अंगाला खाजते, हे आम्हाला होडी ओढताना कळले. त्या फेरीत ओहोटीबरोबर बाहेर निघालेली दोन हिरवी कासवे आमच्या होडीखालून गेली, आणि थोरलीला ती पुन्हा, भरतीला आत शिरताना पाहायची आहेत.

सकाळी बाबांचा फोन येऊन गेला. वारा पूर्वेचा, हलका. आज शुद्ध चतुर्थी आहे. चार पाऊण तीन, त्यातून सव्वातीन वजा, म्हणजे पावणेबारा. कासवे भरतीच्या आधी आत जातात, असा थोरलीचा अंदाज आहे, म्हणून अकराला निघायचे ठरले आहे आणि माझ्या अजून सहा पोळ्या लाटायच्या राहिल्या आहेत.